जुन्या रॉक मैफलींची बूटलेग ध्वनिमुद्रणे : दुरुस्ती आणि देवाणघेवाण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बूटलेग कशाला म्हणायचे? पायरसी आणि बूटलेग यांत फरक काय?

कलाकाराने किंवा त्याच्या कंपनीने कधीच प्रसिद्ध न केलेले, पण कोणीतरी ध्वनिमुद्रित करून परस्पर बाहेर आणलेले संगीत म्हणजे बूटलेग. दुकानात मिळणाऱ्या अधिकृत तबकडीच्या चोरट्या प्रती काढून विकणे ही पायरसी होय, आणि त्या प्रती मूळ वेष्टनासह हुबेहूब छापून खऱ्या म्हणून खपवणे ही बनावटगिरी होय. बोलताना या तिन्हींची सरमिसळ होते. मात्र या पानावरचे सगळे विवेचन पहिल्या प्रकाराचे, आणि त्यातही विक्रीविना चालणाऱ्या देवाणघेवाणीचे आहे.

शब्द मूळचा दारूच्या चोरट्या धंद्यातला. बुटाच्या उंच नळीत बाटली लपवून नेणाऱ्याला अमेरिकेत बूटलेगर म्हणत. रॉक संगीतात हा शब्द रुजला तो १९६९ च्या उन्हाळ्यात. लॉस एंजेलिसमध्ये बॉब डिलनच्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा दोन तबकड्यांचा संच कोऱ्या पांढऱ्या वेष्टनात विकला जाऊ लागला आणि ‘ग्रेट व्हाइट वंडर’ या नावाने तो ओळखला गेला. त्यातील सामग्री मुख्यतः मैफलीतील नव्हती. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला ऑकलंड येथे झालेला रोलिंग स्टोन्सचा कार्यक्रम मात्र कोणीतरी श्रोत्यांत बसून टिपला आणि डिसेंबरमध्ये त्याची तबकडी बाजारात आलीही. त्या दौऱ्याची अधिकृत तबकडी निघायला १९७० चा सप्टेंबर उजाडला.

प्रेक्षागृहात ध्वनिमुद्रक नेण्यास बंदी असताना ही ध्वनिमुद्रणे झाली तरी कशी?

काही लपूनछपून, काही उघडपणे, आणि काही आतल्याच माणसांच्या हातून.

लपूनछपून करणाऱ्यांत लॉस एंजेलिसच्या माइक मिलार्डचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते. नाकामिची ५५० हा उचलून नेण्याजोगा, पण चांगलाच वजनदार कॅसेट रेकॉर्डर आणि एकेजी कंपनीचे दोन उत्तम मायक्रोफोन ही त्याची सामग्री होती. एवढे ओझे आत न्यायचे कसे, तर तो चाकांच्या खुर्चीत बसून जात असे, अशी ख्याती आहे. २६ एप्रिल १९७५ चा पिंक फ्लॉइडचा आणि २१ जून १९७७ चा लेड झेपेलिनचा कार्यक्रम त्याने टिपला, आणि श्रोत्यांतून केलेले ध्वनिमुद्रण किती उंची गाठू शकते याचे दाखले म्हणून ही दोन्ही आजही पुढे केली जातात.

पकडले गेल्यास यंत्राची खैर नसे. लेड झेपेलिनचे व्यवस्थापक पीटर ग्रँट यांची याबाबत इतकी दहशत होती की १९७१ मध्ये व्हँकुव्हरला त्यांनी बूटलेगरचे समजून जे यंत्र मोडायला लावले, ते प्रत्यक्षात आवाजाची पातळी मोजणाऱ्या नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचे निघाले.

याच्या अगदी उलट धोरण ग्रेटफुल डेड या वाद्यवृंदाचे होते. त्यांनी श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू दिले, आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये बर्कलीच्या कार्यक्रमांपासून अशा मंडळींसाठी प्रेक्षागृहात वेगळी जागाच राखून ठेवली. एकच अट होती, ती म्हणजे या प्रतींवर कोणी पैसे कमवायचे नाहीत. आज जुन्या ध्वनिमुद्रणांच्या देवाणघेवाणीत पाळले जाणारे बहुतेक संकेत या मंडळींनी घालून दिले आहेत.

‘साउंडबोर्ड’, ‘ऑडियन्स’, ‘एफएम’ आणि ‘मॅट्रिक्स’ हे शब्द सारखे भेटतात. यांपैकी चांगले कोणते?

साउंडबोर्ड म्हणजे रंगमंचावरील सर्व मायक्रोफोन जेथे एकत्र येतात त्या मिक्सरमधून थेट घेतलेले ध्वनिमुद्रण. ऑडियन्स म्हणजे श्रोत्यांत बसून केलेले. एफएम म्हणजे नभोवाणीवरून प्रसारित झालेली मैफल घरी टेपरेकॉर्डरवर उतरवलेली. अमेरिकेत १९७३ पासून ‘किंग बिस्किट फ्लॉवर आवर’ या कार्यक्रमाने अशा कितीतरी मैफली घरोघरी पोचवल्या. मॅट्रिक्स म्हणजे साउंडबोर्ड आणि ऑडियन्स यांचे मिश्रण.

साउंडबोर्ड असेल तर ते उत्तमच असणार, ही नवख्यांची ठाम समजूत असते आणि ती बऱ्याचदा चुकीची ठरते. मिक्सरमधून जे जाते ते सभागृहातल्या श्रोत्यांसाठी असते, टेपसाठी नसते. लहान सभागृहात गिटारचा ॲम्प्लिफायर स्वतःच कानठळ्या बसवत असल्याने तंत्रज्ञ गिटार मिक्सरमधून जवळजवळ पाठवतच नाही. परिणामी साउंडबोर्डवर गायकाचा आवाज ओठांशी कान लावल्यासारखा ऐकू येतो आणि गिटार शेजारच्या खोलीत वाजत असल्यासारखी वाटते. चांगल्या जागी बसून केलेले ऑडियन्स ध्वनिमुद्रण अशा वेळी कितीतरी पूर्ण वाटते, कारण त्यात सभागृह असते, टाळ्या असतात आणि मैफल ज्या हवेत झाली ती हवा असते.

मॅट्रिक्स करणे दिसते तेवढे सोपे नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, त्यामुळे रंगमंचापासून ३० मीटरवर बसलेल्याच्या मायक्रोफोनपर्यंत तो मिक्सरपेक्षा जवळजवळ ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे अंतर एकदाच सरकवून भागत नाही, कारण दोन वेगवेगळे रेकॉर्डर कधीच अगदी सारख्या वेगाने चालत नाहीत. पहिल्या गाण्यात जुळवलेले दोन प्रवाह चौथ्या गाण्यापर्यंत पुन्हा फाकलेले असतात.

‘पिढी’ आणि ‘वंशावळ’ म्हणजे काय? तिला एवढे महत्त्व का?

मैफलीत प्रत्यक्ष फिरलेली फीत ती मूळ फीत. तिच्यावरून काढलेली प्रत पहिली पिढी, त्या प्रतीवरून काढलेली दुसरी पिढी, आणि असेच पुढे. चुंबकीय फितीच्या प्रत्येक प्रतीत हिस्स, म्हणजे तो सततचा ‘स्स्’ आवाज, वाढतो, तार स्वर मंदावतात आणि वेगाचे दोष एकावर एक साठतात. १९७० आणि १९८० च्या दशकांत कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवला की अनोळखी माणूसही प्रत काढून पाठवीत असे. ही रीत मोठ्या मनाची होती, पण हातात पडलेली कॅसेट सहाव्या पिढीची आहे की दुसऱ्या, हे पुष्कळदा कोणालाच सांगता येत नसे.

म्हणून वंशावळ लिहायची. मायक्रोफोन कोणता, रेकॉर्डर कोणता, फीत कोणत्या जातीची, मधल्या प्रती किती, कोणत्या डेकवर वाजवून संगणकात घेतली, नंतर कोणती प्रक्रिया केली, हे सर्व क्रमाने नोंदवायचे. जे ठाऊक नाही तेथे ‘अज्ञात’ असे लिहायचे. अंदाज ठोकून देऊ नये. शास्त्रीय संगीतात घराणे विचारले जाते, तसेच हे आहे.

घरात १९७० च्या दशकातली कॅसेट सापडली आहे. सर्वांत आधी काय करावे?

वाजवून पाहू नये. पहिली गोष्ट म्हणजे कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे टॅब मोडून टाकावेत, म्हणजे चुकूनही तिच्यावर नवे ध्वनिमुद्रण होणार नाही. मग खिडकीतून आत पाहावे. फितीला आतून दाबून धरणारा फोमचा प्रेशर पॅड बहुधा सुटलेला किंवा भुगा झालेला असतो. तसे असल्यास फीत स्क्रूच्या नव्या कवचात हलवावी. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट इतर कॅसेटींपासून वेगळी ठेवावी आणि चांगल्या डेकमध्ये मुळीच घालू नये. मुंबई आणि कोकणातल्या पावसाळ्यांनी फितींचे जे नुकसान केले आहे, ते काळाने केलेल्या नुकसानीपेक्षा कमी नाही.

त्यानंतर डेकची हेड (फीत वाचणारा भाग), कॅपस्टन आणि पिंच रोलर (फीत पुढे ओढणारी धातूची दांडी आणि रबरी चाक) स्वच्छ करावेत. धातूच्या भागांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस चालतो. रबराला मात्र ते बेताने लावावे. कॅसेट एकदा शेवटपर्यंत सावकाश पुढे नेऊन परत आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे गुंडाळून राहिलेल्या वेटोळ्यांचा ताण सारखा होतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ही तपासणी न करता एक दुर्मीळ कॅसेट घाईने रिवाइंड केली होती आणि तिच्या टोकाचा पांढरा लीडर, म्हणजे सुरुवातीचा कोरा तुकडा, फितीपासून निखळून आत गेला होता. ती वाचली, परंतु कवच उघडून टोक चिमट्याने पकडून जोडेपर्यंतचा तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

स्पूलवरची फीत चिकट झाली आहे आणि हेडवर कर्कश ओरडते. ती खरेच भट्टीत भाजतात का?

हो, पण सर्वच फिती भाजायच्या नसतात. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून बनलेल्या काही फितींत, अँपेक्सच्या ४५६ या जातीत विशेषकरून, चुंबकीय कण धरून ठेवणारे पॉलियुरेथेन हवेतली आर्द्रता शोषून चिकट होते. अशी फीत सुमारे ५४ अंश सेल्सिअसच्या स्थिर तापमानात काही तास ठेवली की ओलावा निघतो आणि ती काही आठवडे नीट वाजते. तेवढ्या मुदतीत तिचे डिजिटल रूपांतर उरकून घ्यावे लागते. स्वयंपाकघरातला ओव्हन यासाठी वापरू नये, कारण त्याचे तापमान वीस-वीस अंशांनी खालीवर होते. अॅसिटेटच्या जुन्या फिती तर कधीच भाजू नयेत, त्या आक्रसून कायमच्या नष्ट होतात. स्पूल उजेडासमोर धरावे. कडेने प्रकाश आरपार दिसला तर फीत बहुधा अॅसिटेटची आहे असे समजावे आणि जाणकाराकडे न्यावी.

‘ॲझिमथ’ जुळवा, असे सगळे का सांगतात?

ॲझिमथ म्हणजे हेडमधल्या फटीचा फितीशी असलेला कोन. संपूर्ण रूपांतरात तो जुळवण्याहून मोठा फरक पाडणारी दुसरी कोणतीही गोष्ट नाही, आणि याहून स्वस्तही नाही. एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि शांतपणे ऐकणारा कान एवढ्यावर काम होते.

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. याचा अर्थ, १० किलोहर्ट्‌झचा एक तरंग तिच्यावर अवघ्या ४.७६ मायक्रोमीटरमध्ये मावलेला असतो. माणसाचा केस त्याच्या दहापट जाड असतो. हा तरंग वाचणारी हेडमधली फट फितीच्या दिशेशी काटकोनात असायला हवी, आणि नेमकी त्याच कोनात हवी ज्या कोनात ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्राची फट होती. तो कोन केसभर जरी चुकला, तरी फितीच्या वरच्या कडेचा आणि खालच्या कडेचा आवाज वेगवेगळ्या क्षणी वाचला जातो, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि झांजांची किणकिण नाहीशी होते. मग लोक ‘कॅसेट दबलेली आहे’ असे म्हणतात आणि संगणकात ट्रेबल वाढवतात. जे हेडने वाचलेच नाही, ते वाढवून येणार कोठून?

कृती अशी करावी. डेकचा आवाज मोनो करावा, म्हणजे डावा-उजवा प्रवाह एकत्र होतो, आणि फीत चालू असताना हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू अगदी हळू फिरवावा. एका जागी झांज एकाएकी उघडते, जणू कोणी दाराचा पडदा बाजूला केला. तेथेच थांबावे. कॅसेट उलटल्यावर दुसऱ्या बाजूसाठी हे पुन्हा करावे, कारण दोन बाजूंचा कोन सहसा सारखा नसतो. आपल्या डेकचा मूळ कोन परत मिळावा म्हणून स्क्रूवर आधी रंगाची खूण करून ठेवावी.

डॉल्बी चालू ठेवावे की बंद?

ध्वनिमुद्रण करताना जे होते तेच वाजवताना ठेवावे. डॉल्बी बी ही पद्धत ध्वनिमुद्रणाच्या वेळी हलक्या आवाजातले तार स्वर सुमारे १० डेसिबेलपर्यंत चढवते आणि वाजवताना तेवढेच उतरवते, म्हणून हिस्स कमी होतो. वेष्टनावर टिचकी मारलेली असली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण ती आधीच्या कोणी माणसाने आपल्या समजुतीने मारलेली असू शकते. शंका असेल तर डॉल्बी बंद ठेवून रूपांतर करावे. नंतर संगणकात ते सोडवता येते, पण चुकीने सोडवलेले परत जोडता येत नाही.

गाणे किंचित चढ्या सुरात वाजते. योग्य वेग कसा ठरवायचा?

उचलून नेण्याजोगे रेकॉर्डर बॅटरीवर चालत आणि मैफल रंगत असताना बॅटरी उतरत जाई. ध्वनिमुद्रणाच्या वेळी फीत मंद फिरली की नीट वेगाच्या डेकवर ती जलद वाजते. त्यामुळे पहिले गाणे बरोबर आणि शेवटचे गाणे पाव स्वराने चढे, असा प्रकार सर्रास आढळतो, आणि एकच टक्केवारी संपूर्ण फितीला लावून तो सुटत नाही.

पहिला आधार विजेच्या गुणगुणीचा. अमेरिकेत वीजपुरवठ्याची वारंवारता ६० हर्ट्‌झ आहे, युरोपात आणि भारतात ५०. रंगमंचावरच्या ॲम्प्लिफायरमधून ही गुणगुण टेपवर उतरतेच. दोन गाण्यांमधल्या शांत जागेचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती आवाज आहे हे दाखवणारा संगणकावरचा आलेख, पाहावा; अमेरिकेतल्या कार्यक्रमात ती रेषा ६१.८ हर्ट्‌झवर दिसली तर फीत ३ टक्के जलद आहे, म्हणजे सा आणि कोमल रे यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढी आहे. दीड तासाच्या मैफलीतून अशा वेळी अडीच मिनिटांहून अधिक काळ गिळला जातो.

दुसरा आधार वाद्यांचा. स्वर जुळवण्याचे ‘ए बरोबर ४४० हर्ट्‌झ’ हे प्रमाण तपासावे, मात्र गिटारवर अंधविश्वास ठेवू नये. कित्येक वाद्यवृंद अर्धा स्वर उतरवून वाजवीत. खात्रीचा साक्षीदार हवा असेल तर हॅमंड ऑर्गन शोधावा. त्याची चक्रे विजेच्या वारंवारतेशी बांधलेल्या मोटरवर फिरतात, त्यामुळे वादकाला तो मनाप्रमाणे चढवता-उतरवता येत नाही. उघड्या मैदानावर जनरेटरवर झालेल्या कार्यक्रमात मात्र हा साक्षीदारही फितूर होऊ शकतो.

हिस्स पूर्णपणे काढून टाकावा का? आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेने गायन आणि वाद्ये वेगळी करता येतात.

काढता येते म्हणून काढावे असे नाही. हिस्स आणि झांजांचा विरत जाणारा नाद एकाच पट्ट्यात राहतात, म्हणून पहिल्याला हाकलताना दुसराही जातो आणि उरलेले संगीत पाण्याखालून आल्यासारखे बुडबुडत राहते. कान थोड्या वेळात हिस्स ऐकणे सोडून देतो. बुडबुडे ऐकणे मात्र तो सोडत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नसून पस्तावून सांगत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक ऑडियन्स ध्वनिमुद्रण मी असेच ‘स्वच्छ’ केले, कसे केले याची नोंद ठेवली नाही, मूळ रूपांतर जागा वाचवण्यासाठी पुसून टाकले आणि प्रत वाटली. पुढे कॅसेट परत मागितली, तेव्हा ती ज्यांची होती त्यांच्या घराच्या आवराआवरीत गेली होती. ती धुतलेली प्रत आजही फिरताना भेटते, आणि दर वेळी तिच्यासोबत कोणीतरी ‘उत्कृष्ट आवाज’ असे लिहिलेले असते.

वाद्ये वेगळी करणाऱ्या नव्या प्रणालींचे उपयोग आहेत. गायकाचा आवाज गर्दीत बुडाला असेल तर तो दोन-तीन डेसिबेलने वर आणणे पूर्वी अशक्य होते, आता शक्य आहे. पण अशी प्रत ‘पुनर्मिश्रित’ म्हणून वेगळ्या नावाने ठेवावी. माझा स्वतःचा क्रम ठरलेला आहे : प्रथम वेग, मग एकेकटे खटके हाताने काढणे, मग दोन बाजूंची पातळी समान करणे, आणि हलकेसे इक्वलायझेशन, म्हणजे मंद्र-तार स्वरांचा तोल. हिस्सला मी आता हात लावत नाही.

कॅसेट पलटताना गाण्याचा तुकडा राहून गेला आहे. दुसऱ्या ध्वनिमुद्रणातून तो जोडला तर चालेल का?

चालेल, आणि ऐकणाऱ्याला ते बरेही वाटते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते आणि नेमका लांबलचक गिटारवादनाचा ऐन भर तेव्हाच यावा, हा जणू नियमच आहे. जोड कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या स्रोतातून घेतला आहे हे सेकंदांसह लिहावे. टाळ्यांची लांबी वाढवण्यासाठी तीच टाळी पुन्हा चिकटवणे मात्र टाळावे.

फाइल कोणत्या स्वरूपात ठेवावी? एमपी-३ ला एवढा विरोध का?

मूळ रूपांतर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्‌झवर करावे. दीड तासाच्या मैफलीला सुमारे ३ गिगाबाइट लागतात, आणि आजच्या काळात ती काही अडचण नव्हे. वाटण्यासाठी फ्लॅक वापरावे. २००१ मध्ये आलेले हे स्वरूप फाइल लहान करते, पण एक बिटही गमावत नाही. त्याआधी शॉर्टन नावाचे स्वरूप प्रचारात होते. सीडीवर उतरवण्यासाठी गाणी वेगळी करताना प्रत्येक तुकडा ५८८ नमुन्यांच्या (आवाजाच्या एकेका डिजिटल मोजमापाच्या) पटीत कापावा, अन्यथा दोन गाण्यांच्या सांध्यावर बारीक टिचकी ऐकू येते.

एमपी-३ फिरतीवर ऐकण्यासाठी वाईट नाही. अडचण अशी की कोणीतरी ती पुन्हा उलगडून सीडी करतो, दुसरा कोणी त्या सीडीवरून फ्लॅक करतो, आणि तिसऱ्याला वाटते की हीच मूळ प्रत. याची चाचणी वर्णपटावर होते. १२८ किलोबिटच्या एमपी-३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्‌झच्या वर भिंत घातल्यासारखे सारे काही सपाट कापलेले असते, तर कॅसेटचे तार स्वर हळूहळू मावळतात. एफएमवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात १५ किलोहर्ट्‌झच्या वर संगीत नसते, पण स्टिरिओ प्रसारणाची १९ किलोहर्ट्‌झवरची बारीक रेषा कधीकधी दिसते. दूरचित्रवाणी संचाजवळ प्रत काढली असेल तर त्याचीही रेषा उमटते : अमेरिकेत ती १५,७३४ हर्ट्‌झवर, युरोपात १५,६२५ वर. कोणत्या देशात प्रत निघाली याचा असा पुरावा मिळाल्यावर जो आनंद होतो, तो इतरांना समजावून सांगण्याचा प्रयत्न मी सोडून दिला आहे.

वेष्टनावरची तारीख आणि स्थळ ग्राह्य धरावे का?

तपासल्याशिवाय धरू नये. डिलनच्या १९६६ च्या दौऱ्यातली सर्वांत गाजलेली बूटलेग अनेक वर्षे लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलची म्हणून विकली गेली. प्रत्यक्षात ती १७ मे रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झालेली मैफल होती. १९९८ मध्ये कंपनीने ती अधिकृतपणे काढली, तेव्हाही प्रसिद्ध झालेले चुकीचे नाव वेष्टनावर अवतरणचिन्हांत ठेवावे लागले. गाण्यांचा क्रम, गायकाने उच्चारलेले गावाचे नाव, तुटलेली तार, श्रोत्याची आरोळी, अशा खुणांवरून दोन ध्वनिमुद्रणे एकाच मैफलीची आहेत की नाहीत हे ठरवता येते.

हे सर्व कायदेशीर आहे का?

परवानगी नसेल तर बहुतांश नाही, आणि ‘आम्ही पैसे घेत नाही’ एवढ्याने ते कायदेशीर होत नाही. अमेरिकेत डिसेंबर १९९४ पासून थेट कार्यक्रमाचे विनापरवाना ध्वनिमुद्रण आणि वाटप यांविरुद्ध केंद्रीय कायदा आहे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३८ कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षे हक्क देते. शिवाय गीत आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणून सादरीकरणाचा हक्क संपला म्हणजे सर्व मोकळे झाले, असा अर्थ काढू नये.

सुरक्षित वाट एकच आहे : ज्या कलाकारांनी विनामूल्य देवाणघेवाणीस स्पष्ट संमती दिली आहे, त्यांचीच ध्वनिमुद्रणे सार्वजनिकरीत्या ठेवावीत. इंटरनेट आर्काइव्हचा २००२ मध्ये सुरू झालेला मैफलींचा संग्रह याच तत्त्वावर चालतो. संमतीलाही मर्यादा असतात. नोव्हेंबर २००५ मध्ये ग्रेटफुल डेडची ध्वनिमुद्रणे तेथून उतरवून घेणे एकाएकी बंद झाले. चाहत्यांच्या संतापानंतर ऑडियन्स प्रती पुन्हा खुल्या झाल्या, पण साउंडबोर्ड केवळ तेथेच ऐकण्यापुरते राहिले. घरातील फितीचे जतन करणे आणि तिच्या प्रती जगाला वाटणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावे.

तीच मैफल अधिकृतपणे प्रसिद्ध झाली तर?

वाटप त्या दिवशी थांबवावे आणि अधिकृत प्रत विकत घ्यावी. बूटलेगरांकडून विकत घेतलेल्या प्रतींबाबत माझे मत कठोर आहे : जे फुकट मिळाले त्यावर चकचकीत वेष्टन चढवून पैसे करणाऱ्यांनी या छंदाची जेवढी बदनामी केली, तेवढी कोणत्याही कंपनीच्या वकिलांनी केली नाही.

आपल्याकडच्या ध्वनिमुद्रणांना हे तंत्र लागू पडते का?

पडते. ऑक्टोबर १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती मैफल नव्हती, पण चार दशके ती बूटलेग म्हणूनच फिरली आणि २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आली. धोबी तलावाजवळच्या रंगभवनातल्या रॉक कार्यक्रमांची एखादी कॅसेट कोणाकडे असेल, तर तिची काळजी वर सांगितल्याप्रमाणेच घ्यावी.

मराठी घरांत याहून अधिक संख्येने आहेत त्या शास्त्रीय मैफलींच्या, खासगी बैठकींच्या आणि गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांच्या फिती. येथे वेग ठरवताना एक फरक ध्यानात घ्यावा. गायक आपल्या गळ्याला मानवेल तो षड्ज धरतो, म्हणून ४४० चे प्रमाण थेट उपयोगी पडत नाही. तंबोऱ्याच्या भरवशावरही राहता येत नाही, कारण तो गायकाच्या षड्जाला जुळवलेला असतो. साथीला पेटी असेल तर तिचा आधार घ्यावा, अन्यथा ५० हर्ट्‌झची गुणगुण शोधावी. काळी एक मध्ये गाणारे बुवा पांढरी दोन मध्ये ऐकू येऊ लागले, तर दोष बहुधा टेपरेकॉर्डरच्या रबरी पट्ट्याचा असतो.

रूपांतर उत्तम झाले. आता मूळ कॅसेट टाकून दिली तर चालेल का?

नाही. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये झालेली ग्रेटफुल डेडची मैफल त्यांच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपली. त्यांच्या फिती १९८६ मध्ये भाड्याच्या गोदामातून लिलावात निघाल्या आणि परक्या घरांत विखुरल्या. त्या काळी काढलेल्या प्रतींवर लोक तीस वर्षे खूश होते. २०१७ मध्ये अधिकृत आवृत्ती निघाली, तेव्हा फितीवर नकळत उमटलेल्या, कानाला ऐकू न येणाऱ्या बायस संकेताचा (ध्वनिमुद्रण करताना यंत्र आवाजात मिसळते त्या अतितार संकेताचा) माग काढून वेगातले बारीक हेलकावे दुरुस्त करण्यात आले. हे तंत्र १९८६ मध्ये कोणाच्या स्वप्नातही नव्हते, आणि मूळ फीत हाती नसती तर २०१७ मध्ये त्याचा काही उपयोगही झाला नसता. मिलार्डच्या मूळ कॅसेटी नष्ट झाल्याची वदंता अशीच बरीच वर्षे होती. त्या सापडल्यावर त्यांची नव्याने रूपांतरे झाली आणि जुन्या प्रती बाजूला पडल्या.

कॅसेट टॅब मोडलेली, वेष्टनात, उभी, कोरड्या जागी, स्पीकरपासून दूर ठेवावी. स्पूल असेल तर शेवटचे टोक बाहेर राहील असे गुंडाळावे, आणि डब्यावर तारीख, स्थळ व ‘पुसू नये’ एवढे शाईने लिहून ठेवावे.